विलंबित लयीतलं मेटल

१३ फेब्रुवारी १९७० रोजी इंग्लंडमध्ये एक रेकॉर्ड प्रसिद्ध झाली. सुई टेकली की आधी पाऊस ऐकू येतो, मग गडगडाट आणि लांबवर चर्चची घंटा. त्यानंतर गिटारवर तीन स्वर येतात. मंद्रातला षड्ज, त्याच्या वरच्या सप्तकातला षड्ज आणि तिथून खाली उतरून तीव्र मध्यम. त्या तीव्र मध्यमावर गिटार थरथरत राहते आणि पुन्हा पहिल्या षड्जाकडे वळते. घाई कुठेच नाही. बँडचं नाव, अल्बमचं नाव आणि या गाण्याचं नाव एकच आहे : 'ब्लॅक सॅबथ'. 'डूम मेटल' या संगीतप्रकाराची वंशावळ इथूनच मांडली जाते.

षड्ज आणि तीव्र मध्यम हे अंतर सप्तकाला बरोबर मधोमध कापतं. युरोपच्या जुन्या संगीतशास्त्रात त्याला सैतानाचं नाव चिकटलं होतं, कारण ते कानाला टेकायला जागा देत नाही. आपल्याकडे मारवा ऐकलेल्या माणसाला ही बेचैनी नवी नाही. पंचम वर्ज्य, मध्यम तीव्र आणि षड्जावर विसावण्याची सतत पुढे ढकललेली वेळ, यांतूनच मारव्याची संध्याकाळ उभी राहते. 'ब्लॅक सॅबथ'मधल्या बर्मिंगहॅमच्या चार कामगार पोरांना मारवा ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण स्वरांचा गुण देश बदलला म्हणून बदलत नाही.

मेटल म्हटलं की आपल्याकडे सुसाट वेग आणि आरडाओरडा एवढंच चित्र डोळ्यांपुढे येतं. डूम ही त्याच घराण्यातली संथ शाखा आहे. थ्रॅश मेटलमध्ये मिनिटाला दोनशेच्या आसपास ठोके पडतात, डूममध्ये बहुधा चाळीस ते सत्तर. त्याच्या सर्वांत संथ उपप्रकारात एक स्वर संपून दुसरा येईपर्यंत श्वास घेऊन सोडता येतो. ज्या श्रोत्यांनी उस्ताद अमीर खाँसाहेबांचा झुमऱ्यातला अतिविलंबित ख्याल ऐकला आहे, समेची वाट पाहण्यातलं सुख ज्यांना माहीत आहे, त्यांच्यासाठी या संगीताचं दार अर्धं उघडलेलंच असतं. उरलेलं अर्धं उघडावं म्हणून काही अल्बमांची ही ओळख.

जखमी बोटं आणि सैल तारा

'ब्लॅक सॅबथ'चा गिटारवादक टोनी आयोमी सतराव्या वर्षी बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच होता. कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत हात भाजून दोन बोटं निकामी झाल्यावरही जँगो जगातला अव्वल गिटारवादक ठरला होता. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, त्यांवर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या तारा सैलही केल्या.

हे सैल करणं पूर्णपणे कानावर येतं ते 'मास्टर ऑफ रिॲलिटी' (१९७१) या तिसऱ्या अल्बममध्ये. त्यातल्या काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली आहे. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर सर्वांत जाड तार पांढरी तीनवरून काळी एकवर आली. बोटांना आराम मिळाला आणि आवाजाला असं वजन आलं, जे तोवर रॉकमध्ये कुणी ऐकलं नव्हतं. पुढच्या बऱ्याच डूम बँडनी हाच रस्ता धरला आणि कित्येकांनी तारा याहूनही खाली नेल्या.

या वजनामागचं विज्ञान समजून घेण्यासारखं आहे. ॲम्प्लिफायरला त्याच्या ताकदीबाहेर राबवलं की ध्वनिलहरीची टोकं कापली जातात आणि आवाज फाटतो. त्याच वेळी स्वराचा मोठा आणि लहान भाग एका पातळीवर येतो, त्यामुळे तार छेडल्यावर स्वर लवकर विझत नाही. स्पीकरमधून आलेला आवाज तारेला पुन्हा कंप देत राहिला तर तो कितीही वेळ टिकवता येतो. मेटलमध्ये गिटारवर बहुतेक वेळा षड्ज आणि पंचम ही जोडी एकत्र वाजते. त्यांच्या कंपनसंख्यांचं प्रमाण दोनास तीन असतं. फाटलेल्या आवाजात या दोन संख्यांच्या फरकाचा तिसरा स्वर आपोआप तयार होतो आणि तो असतो षड्जाच्या एक सप्तक खालचा खर्ज. हा खर्ज कुणी वाजवलेला नसतो, तरी छातीवर जाणवतो. वेगात वाजवलं तर हे सगळं निसटून जातं. त्याला फुलायला वेळ लागतो, म्हणून डूम संथ आहे.

ऐंशीचं दशक : वेगाच्या लाटेविरुद्ध

१९८० नंतर मेटलमध्ये वेगाची चढाओढ सुरू झाली. त्याच वर्षांत काही बँड उलट्या दिशेने निघाले. शिकागो परिसरातल्या 'ट्रबल'चा पहिला अल्बम १९८४ साली आला. पुढे तो 'साम ९' या नावाने ओळखला जाऊ लागला. सैतानाच्या प्रतिमांनी भरलेल्या मेटलमध्ये हे लोक बायबलमधल्या पश्चात्तापाबद्दल आणि क्षमेबद्दल गात होते. त्यांच्या दोन गिटारी एकमेकींना धरून चालतात आणि एरिक वॅग्नरचा उंच, कातर आवाज त्यांवरून जातो. याच वर्षी लॉस एंजेलिसच्या 'सेंट व्हायटस'चा पहिला अल्बम एसएसटी या पंक कंपनीने काढला. पंकच्या धावत्या गर्दीपुढे हा रेंगाळता बँड वाजवायचा आणि शिव्या खायचा. १९८६ साली आलेल्या त्यांच्या 'बॉर्न टू लेट'मध्ये स्कॉट 'वायनो' वाइनरिक गायला. आपण चुकीच्या काळात जन्मलो ही भावना त्या अल्बममध्ये कसलाही आव न आणता उतरली आहे.

पण एकच अल्बम निवडायचा तर तो स्टॉकहोमच्या 'कँडलमास'चा 'एपिकस डूमिकस मेटॅलिकस' (१९८६). बासवादक लीफ एडलिंगने गाणी लिहिली. गायक योहान लेंगक्विस्ट केवळ रेकॉर्डिंगपुरता आला होता. गाणी सहाच आहेत आणि प्रत्येकाची मांडणी एखाद्या भव्य सभागृहासाठी केल्यासारखी आहे. गायकी थेट ऑपेराच्या वळणाची. अल्बम खपला नाही आणि फ्रान्समधल्या कंपनीने बँडला निरोप दिला. पुढच्या काळात मात्र दर्दी श्रोते 'एपिक डूम' या उपप्रकाराची सुरुवात याच रेकॉर्डपासून मोजू लागले. लेंगक्विस्ट तीस वर्षांहून अधिक काळाने बँडमध्ये परतला. २०१९ च्या 'द डोअर टू डूम'मधल्या एका गाण्यात खुद्द टोनी आयोमीने पाहुणा म्हणून गिटार वाजवली आणि त्या गाण्याला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. डूमचा उगम आणि त्याची एक मोठी शाखा असे एका गाण्यात भेटले.

शोकाची घराणी

१९९१ हे वर्ष इंग्लंडसाठी महत्त्वाचं. ली डोरियन हा गायक १९८९ सालीच 'नेपाम डेथ' या अतिवेगवान बँडमधून बाहेर पडला होता आणि त्याने 'कॅथीड्रल' सुरू केला होता. 'फॉरेस्ट ऑफ इक्विलिब्रियम' (१९९१) हा त्यांचा पहिला अल्बम बासरीने उघडतो आणि मग इतका संथ, इतका जड होतो की ऐकणाऱ्याला आपल्या श्वासाची गती बदलावी लागते. डोरियनने चालवलेल्या 'राइज अबव्ह' या कंपनीने पुढे कित्येक डूम बँडना आसरा दिला.

त्याच वर्षी यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सच्या 'पॅराडाइज लॉस्ट'ने 'गॉथिक' काढला. डेथ मेटलचा घोगरा आवाज, संथ लय, वाद्यवृंदासारखे कीबोर्ड आणि स्त्रीस्वर यांचा त्यात मेळ आहे. शेजारच्या ब्रॅडफर्डच्या 'माय डाइंग ब्राइड'चा 'टर्न लूझ द स्वॉन्स' (१९९३) याहून पुढे गेला. त्याचं पहिलं गाणं गिटारशिवाय आहे. फक्त कीबोर्ड, व्हायोलिन आणि जवळजवळ बोलल्यासारखं गाणं. मेटलमध्ये व्हायोलिन सजावटीसाठी पूर्वीही आलं होतं, इथे ते शोकाचा मुख्य आवाज झालं. बंद पडत चाललेल्या गिरण्यांच्या, पावसाळी, करड्या प्रदेशातलं हे संगीत आहे. गिरणगावाचा अंत पाहिलेल्या आपल्या भागाला त्या उदासीची जात ओळखता यावी.

फिनलंडने लय आणखी ओढली. 'थर्गोथॉन'चा एकमेव अल्बम 'स्ट्रीम फ्रॉम द हेवन्स' १९९४ साली आला तेव्हा बँड आधीच मोडला होता. 'स्केप्टिसिझम'च्या 'स्टॉर्मक्रोफ्लीट'मध्ये (१९९५) ऑर्गनचे लांब सूर पायाला आहेत आणि गिटार त्यांवर धुक्यासारखी पसरते. या दोन रेकॉर्डींतून 'फ्युनरल डूम' म्हणजे अंत्ययात्रेच्या गतीचं डूम निघालं.

या शाखेतला अलीकडचा सर्वांत हृदयस्पर्शी अल्बम सिएटलच्या 'बेल विच'चा 'मिरर रीपर' (२०१७). बँडमध्ये दोघेच, बास गिटार आणि ड्रम. गिटार नाहीच. त्यांचा आधीचा ड्रमवादक एड्रियन गेरा २०१६ साली वारला. त्याच्या गायनाचे न वापरलेले तुकडे या अल्बममध्ये गुंफले आहेत, म्हणजे मित्रांच्या शोकगीतात गेलेला मित्र स्वतः गातो. एकच रचना, सुमारे त्र्याऐंशी मिनिटांची. कुणाला ही लांबी हट्टाची वाटेल. पण घरातलं माणूस गेल्यावरचे दिवस कसे सरतात हे ज्याने अनुभवलं आहे, त्याला ती अचूक वाटेल.

इंग्लंडच्या 'वॉर्निंग'चा 'वॉचिंग फ्रॉम अ डिस्टन्स' (२००६) याच दुःखाकडे दुसऱ्या वाटेने जातो. तिथे मृत्यू नाही, राक्षस नाहीत, पुराणकथाही नाहीत. पॅट्रिक वॉकर तुटलेल्या नात्याबद्दल आणि स्वतःच्या कमीपणाबद्दल गातो, तेही स्वच्छ, उघड्या आवाजात. मेटलमध्ये पुरुषाने इतक्या सरळपणे रडल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

मिरजेचा, कोल्हापूरचा दूरचा धागा

डूमची आणखी एक वाट आपल्या अंगणाजवळून जाते. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेला स्थायिक झाले हे आपल्याला माहीत आहे. त्याच घराण्याचे उस्ताद अब्दुल वाहिद खाँ यांनी कोल्हापुरात तालीम घेतली आणि एकेका स्वराची अतिसंथ बढत हे आपल्या गायकीचं वैशिष्ट्य केलं. अमीर खाँसाहेबांच्या विलंबितावर त्यांचा मोठा प्रभाव होता. वाहिद खाँचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० साली अमेरिकेत गेले आणि ला माँट यंग, टेरी रायली यांच्यासारखे प्रयोगशील संगीतकार त्यांचे गंडाबंध शागीर्द झाले. एकच सूर तंबोऱ्याप्रमाणे तासन् तास धरून ठेवायचा आणि त्याच्या पोटातले स्वयंभू स्वर ऐकायचे, हा विचार यंग आधीपासून करत होते. किराण्याच्या तालमीने तो अधिक खोल झाला.

या प्रवाहाचा प्रभाव घेतलेला डिलन कार्लसन सिएटलमध्ये 'अर्थ' हा बँड चालवतो. त्याच्या 'अर्थ २' (१९९३) मध्ये तीनच रचना आहेत आणि त्या तास उलटून जाईपर्यंत चालतात. आयोमीच्या वळणाची गिटार इथे तंबोऱ्यासारखी अखंड घुमते. ड्रोन मेटल या उपप्रकाराची ही पायाभूत रेकॉर्ड आहे. घराण्याची तालीम तिथपर्यंत पोचली असा दावा कुणी करू नये. पण सुराकडे पाहण्याची एक दृष्टी दोन-तीन हातांतून तिथवर गेली, हे नक्की.

कॅलिफोर्नियातल्या 'स्लीप'ने तर अख्खा अल्बम एकाच गाण्याचा केला. 'लंडन रेकॉर्ड्स' या मोठ्या कंपनीशी करार झाल्यावर त्यांनी तासाभराचं एकच गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्यात गांजाचे भक्त वाळवंटातून यात्रेला निघतात. कंपनीने ते प्रसिद्ध करायला नकार दिला आणि बँड मोडला. १९९९ साली ते 'जेरुसलेम' म्हणून काहीसं छोटं होऊन आलं, २००३ साली 'डोपस्मोकर' या नावाने पूर्ण, त्रेसष्ट मिनिटांचं. त्यातली मूळ सुरावट लहानशीच आहे. ती फिरत राहते, हळूहळू रूप बदलते आणि विसाव्या मिनिटाच्या पुढे वेळेचं भान सुटतं. इंग्लंडमधल्या 'इलेक्ट्रिक विझर्ड'चा 'डोपथ्रोन' (२०००) याच धुराचा, पण चिडलेला आणि विषारी भाऊ आहे.

'स्लीप'चा बासवादक अल सिस्नेरोस पुढे 'ओम' या बँडकडे वळला. त्या बँडच्या 'गॉड इज गुड' (२००९) आणि 'अद्वैतिक साँग्ज' (२०१२) या अल्बमांत तंबोरा ऐकू येतो, दुसऱ्याच्या सुरुवातीला महामृत्युंजय मंत्र आहे. बास, ड्रम आणि तंबोऱ्यावर उभं राहिलेलं हे संगीत मराठी श्रोत्याने सुरुवातीलाच ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

मुंबईहून जगाकडे

मुंबईत मेटलचा श्रोतृवर्ग जुना आहे. १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' भरायचा आणि हार्बर लाइनवरची पोरंही तिथे उभी असायची. डूमला मात्र इथे उशिरा जागा मिळाली. ती मिळवून देणाऱ्यांत कुणाल चोक्सी यांच्या 'ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी' या मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीचं नाव ठळक आहे. नेदरलंड्सच्या 'ऑफिशियम ट्रिस्ते'चा 'द डेथ ऑफ गाया' (२०१९), जर्मनीच्या 'एरेमिट'चा तीन गाण्यांत तास ओलांडणारा 'कॅरिअर ऑफ वेट' (२०१९) आणि ब्राझीलच्या 'जुपिटेरियन'चा 'टेराफॉर्मिंग' (२०१७) हे अल्बम या कंपनीने प्रसिद्ध केले. युरोपातल्या, दक्षिण अमेरिकेतल्या बँडचं काम आपल्या पनवेलशेजारच्या शहरातून जगभर जातं, ही अभिमानाची गोष्ट आहे.

बँडही आहेत. मुंबईच्या 'प्रिमिटिव्ह'चा 'इमॉर्टल अँड व्हाइल' (२०१६) डेथ मेटल आणि डूम यांच्या सीमेवर उभा आहे. संस्कृती कोसळून माणूस पुन्हा आदिम अवस्थेला पोचल्याची कल्पना त्यात आहे. 'डर्ज'चा 'आह पुच' (२०१८) माया संस्कृतीतल्या मृत्युदेवाभोवती फिरतो. तो स्लज या मेटलच्या आणखी एका उपप्रकाराच्या आणि डूमच्या मिश्रणाचा अल्बम आहे आणि त्याची चिखलासारखी दाट गिटार कुठल्याही परदेशी बँडच्या तोडीची आहे. बेंगळुरूमध्ये 'बेवार सी'चा त्याच नावाचा अल्बम २०१२ साली आला आणि भयकथाकार जयप्रकाश सत्यमूर्ती यांच्या 'जिन अँड मिस्काटोनिक'चा 'फॉरेव्हर इन द रेल्म' २०१३ साली.

ऐकायचं कसं

पनवेलकराकडे या संगीतासाठी लागणारा वेळ रोज असतो. पनवेलहून सीएसएमटीला जाणारी हार्बर लोकल सव्वा तासाहून थोडा अधिक वेळ घेते. 'ब्लॅक सॅबथ'चा पहिला अल्बम अडतीस मिनिटांचा आहे, म्हणजे वाशीच्या खाडीपुलाच्या आसपास तो पूर्ण होतो. 'डोपस्मोकर' एका खेपेत बसतो, 'मिरर रीपर' थोडा उरतो. पण एक अडचण आहे. गाडीचा खडखडाट नेमका खालच्या पट्टीतले स्वर गिळतो आणि डूमचा जीव तिथेच आहे. म्हणून लोकलमध्ये कान झाकणारे हेडफोन वापरावेत, आवाज मात्र बेताबाहेर वाढवू नये. पहिली ओळख तर घरी, रात्री, बऱ्यापैकी स्पीकरवरच व्हावी. मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून हे संगीत पोचतच नाही. कार्यक्रमाला गेलात तर कानात इअरप्लग घालायला संकोचू नका. खर्ज कानांपेक्षा अंगाने अधिक ऐकला जातो.

क्रम विचाराल तर आधी 'ब्लॅक सॅबथ' आणि 'मास्टर ऑफ रिॲलिटी', मग 'एपिकस', त्यानंतर 'अद्वैतिक साँग्ज'. हे पचले की 'टर्न लूझ द स्वॉन्स' आणि 'वॉचिंग फ्रॉम अ डिस्टन्स'. 'डोपस्मोकर' आणि 'अर्थ २' सुट्टीच्या दिवशी. 'मिरर रीपर' शेवटी, एकट्याने. प्रत्येक अल्बम सलग ऐकावा. गाणी सुटी करून, पुढे ढकलून ऐकली तर विलंबित सोडून फक्त द्रुत ऐकल्यासारखं होईल.

'ब्लॅक सॅबथ'चा गायक ऑझी ऑस्बॉर्न याने ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर जुन्या साथीदारांबरोबर अखेरचा कार्यक्रम केला आणि २२ जुलैला तो गेला. त्या मैदानावर हजारोंची गर्दी होती. पण या यादीतले बहुतेक अल्बम मूठभर लोकांच्या जिवावर टिकले आहेत. 'एपिकस' खपला नव्हता, 'डोपस्मोकर' कंपनीने नाकारला होता, 'थर्गोथॉन'ची रेकॉर्ड निघाली तेव्हा बँड उरला नव्हता. कुणीतरी ते पुन्हा पुन्हा ऐकले, मित्रांना ऐकवले, पैसे मोजून विकत घेतले, म्हणून ते आज आपल्यापर्यंत आले. 'डर्ज' आणि 'प्रिमिटिव्ह' यांच्या वाट्यालाही असे श्रोते यावेत. त्यांचे अल्बम इंटरनेटवर मिळतात. आवडले तर विकत घ्या, आणि मुंबईत किंवा पुण्यात त्यांचा कार्यक्रम लागला तर परतीची शेवटची गाडी बघून ठेवून जरूर जा.